एकसष्ट निशाण्या आणि एक सही

दत्ताराम गोविंद पालशेतकर याने वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत एकवीस कादंबऱ्या वाचल्या होत्या आणि त्यांतली एकही पुरी वाचली नव्हती. यात त्याचा आळस नव्हता; छापखान्याची रीतच तशी होती. ठाकुरद्वारच्या ज्या छापखान्यात तो जुळारी होता, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायचं काम करी, तिथे नवं हस्तलिखित आलं की मुकादम ते पत्त्यांच्या जोडासारखं मधोमध तोडी. वरचा गठ्ठा दत्तारामच्या पुढ्यात, खालचा शेजारच्या रघूच्या. त्यामुळे नायिका संकटात कशी पडते हे दत्तारामला एकवीस प्रकारांनी ठाऊक होतं. ती सुटते कशी हे रघूला ठाऊक असायला हवं होतं. पण रघू खिळे जुळवी, वाचत नसे.

"अरे, ती विहिरीत पडली होती तिचं पुढे काय झालं?" दत्ताराम विचारी.

"कोण विहिरीत पडली?" रघू म्हणे. "शेवट गोडच असणार. पेटीतलं उद्गारचिन्हांचं घर रिकामं झालं होतं."

तेव्हा उरलेली अर्धी कादंबरी दत्तारामला स्वतःच रचावी लागे. संध्याकाळी छापखाना सुटला की तो परळला घरी पायी जाई. सव्वा तासाची वाट. भायखळ्याच्या भाजीबाजारापाशी पोचेतो नायिका विहिरीबाहेर निघालेली असे, चिंचपोकळीला तिचा हरवलेला बाप सापडे, लालबागेत लग्न लागे, आणि लालबाग ते घराजवळची पोयबावडी एवढं अंतर शिल्लक राही त्यात खलपुरुषाला पश्चात्ताप होई. कादंबरीकार कुणी इंग्रजी वाचून होतात, कुणी शेजाऱ्याचं वाचून. हा चालून झाला.

मूळचा तो गुहागरकडचा. बाराव्या वर्षी गलबतातून मुंबईस उतरला, काकाच्या खोलीत राहून चार बुकं शिकला, चौदाव्या वर्षी खिळ्यांच्या पेटीपुढे उभा राहिला आणि वीस वर्षं तिथेच उभा होता. बायको मंजुळा गिरणीत कांडीखात्यात, म्हणजे कांड्यांवर सूत गुंडाळायच्या कामाला होती. परळच्या त्यांच्या चाळीत सगळे गिरणीचे लोक, आणि लिहिता-वाचता येणारा तेवढा दत्ताराम. त्यामुळे गावाहून आलेली पत्रं वाचणं, गावाला जाणारी लिहिणं आणि चातुर्मासात राधाबाईंच्या पोथीचं वाचन ही तीन खाती त्याच्याकडे होती. चाळीत कोण मेलं आणि कोण जन्मलं हे त्याला घरच्यांच्या आधी कळे, आणि त्याप्रमाणे चेहरा करून तो पत्र वाचून दाखवी.

शके अठराशे सतराच्या ज्येष्ठात छापखान्यात पुढच्या सालाचं पंचांग जुळवायला आलं. चालू सालातल्या निम्म्याहून जास्त एकादश्या अजून व्हायच्या होत्या, आणि इथे दत्तारामच्या हाताखालून पुढच्या सालच्या चोवीस निघून गेल्या. ग्रहणं झाली, संक्रांत झाली, कुणाचं लग्न कधी लावावं हे ठरून गेलं. त्या दिवशी भायखळ्याच्या अलीकडेच त्याच्या मनात आलं, की पुढचं एक वर्ष जर आज जुळवता येतं, तर पुढची शंभर का नाही? घरी पोचेपर्यंत कादंबरी तयार होती. नाव 'शके एकोणीसशे सतरा'. शंभर वर्षांनंतरची मुंबई. हिचा उत्तरार्ध मात्र रघूकडे जाणार नव्हता, निदान रचताना तरी.

छापखान्याचे मालक हेमचंद्रराव विजयकर हे ठाकुरद्वारचे जुने प्रभू गृहस्थ. छापखान्याच्या जोडीला ते 'सुबोधकौमुदी' नावाचं मासिक काढीत. त्यात एक कादंबरी क्रमाने येत असे; चालू होती ती आश्विनात संपायची होती आणि कार्तिकापासून नवी लागणार होती. दत्तारामने धीर करून कल्पना त्यांच्या कानावर घातली. हेमचंद्ररावांनी तपकिरीची चिमूट नाकाशी नेली आणि तिथेच थांबवली.

"शंभर वर्षांनंतरची," ते म्हणाले. "झालेल्या गोष्टी लोकांना पटत नाहीत, तू न झालेल्या सांगणार. पुण्याच्या एका गृहस्थाची सापत्न मातेवरची कादंबरी माझ्याकडे तयार आहे. रडायला बरी आहे. तुझी काय आहे?"

"नवी आहे साहेब."

"म्हणून तर भीती. असं कर, दसऱ्यापर्यंत पाच अभिप्राय आण, सहीनिशी. कल्पना लोकांना कशी वाटते ते कळू दे. आणलेस तर कार्तिकाचा अंक तुझा. नाहीतर सापत्न माता."

दत्तारामने मधल्या सुट्टीत आपल्या कल्पनेचं एक पान जुळवलं आणि रद्दी कागदावर त्याच्या डझनभर प्रती ओढल्या. विमानरथातून गिरगावाहून परळला पापणी लवायच्या आत जाणारा वाळकेश्वरचा धनिकपुत्र अभयकुमार, बारा मजली घराच्या गॅलरीत उभी असलेली इंदुमती, जेवणाऐवजी एक गोळी, माणसावाचून चालणाऱ्या गिरण्या, असं सगळं त्यात होतं. ते घेऊन तो गिरगावातल्या विद्वानांचे जिने चढू लागला.

त्या काळी पुस्तकाच्या आरंभी विद्वानांचे अभिप्राय छापायची चाल होती, आणि गिरगावात असे चार गृहस्थ होते की ज्यांच्यावाचून पुस्तक उघडतच नसे. सेवानिवृत्त मामलेदारांनी पान हातात घेतलं, उलटं करून मागची कोरी बाजू पाहिली, आणि टाक उचलून लिहिलं, 'हा ग्रंथ मुलींच्या हाती देण्यास हरकत नाही.' हेडमास्तरांनी लिहिलं, 'भाषा शुद्ध, हेतू उदात्त.' वैद्यबुवांनी गोळीपाशी थांबून ती कोण बनवतो असं विचारलं, आणि शंभर वर्षांनंतरचा कुणी बनवतो हे ऐकून निश्चिंत मनाने 'बोधप्रद' असं लिहून दिलं. चौथे वकील. त्यांच्याकडे पान ठेवून दुसऱ्या दिवशी अभिप्राय न्यायचा होता. तो आणताना दत्तारामने काल ठेवलेला कागदही परत मागून घेतला आणि रस्त्यात पाहिला. चुकून त्याने कादंबरीऐवजी छापखान्याचं लग्नपत्रिकांचं दरपत्रक ठेवलं होतं. अभिप्राय असा होता: 'कल्पना नवी, मांडणी सुटसुटीत, एकंदर कृती नीतीस धरून आहे.'

दत्तारामने दरपत्रकाची घडी करून खिशात घातली. मग चारही अभिप्राय घेऊन मालकांकडे गेला. पाचवा त्याच्याने आणवला नाही.

हेमचंद्ररावांनी चारही चिठ्ठ्या चाळल्या. "हे तर मीही सांगितलं असतं," ते म्हणाले. "चौदा पुस्तकांना हेच चौघे, हेच शब्द. तूच जुळवले आहेस ना? आणि माझं मासिक चौघांपैकी एकही उघडत नाही. पालशेतकर, मी अभिप्राय म्हणालो ते वाचकाचे. वाचक कोण, तर जो विचारतो, पुढचा भाग कधी. असे पाच सोड, एक आण. पण सहीनिशी."

भाद्रपद लागला होता. दसऱ्याला महिना उरला होता.

अशात एका शुक्रवारी राधाबाईंना गावाहून पत्र आलं. राधाबाई म्हणजे चाळीतल्या सर्वांत जुन्या बिऱ्हाडकरीण, विधवा, वयाचा हिशेब खुद्द त्यांनाही नव्हता. चातुर्मासात दर रविवारी दुपारी खालच्या चौकात जी पोथी वाचली जाई ती त्यांची. लाल कापडात बांधलेली, त्यांच्याशिवाय कुणी सोडायची नाही. पत्रात त्यांचे चुलतदीर वारल्याची बातमी होती. म्हणजे दहा दिवस सुतक, म्हणजे दोन रविवार पोथी बंद. हे पत्र वाचून दाखवलं अर्थातच दत्तारामने. त्याने योग्य तो चेहरा केला, आणि त्या चेहऱ्यामागे त्याला दोन मोकळे रविवार दिसले.

गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळून तेव्हा पाच वर्षं झाली होती आणि माणसं तिचा उपयोग अजून शिकत होती. पोथी नाही हे माहीत असूनही रविवारी चौकात सगळे येऊन बसले, कारण दुसरं कुठे बसायचं हे ठरलेलं नव्हतं. राधाबाई सुतकामुळे बाजूला, आपल्या उंबऱ्यात.

"मी एक वाचतो," दत्ताराम म्हणाला.

"सुतकात पोथी चालत नाय," राधाबाई तिथूनच म्हणाल्या.

"पोथी नाही राधाबाई. यातलं अजून काही घडलेलंच नाही. शंभर वर्षांनी घडायचंय."

राधाबाईंनी विचार केला. "न घडलेल्याला सुतक नाय. वाच."

दत्तारामने अभयकुमारला विमानरथात बसवला. ऐकणाऱ्यांनी सवयीने हात जोडले. एकीने त्याच्या कागदावर चार तांदळाचे दाणे वाहिले. अर्धं पान होईस्तोवर चौक शांत होता, आणि दत्तारामला वाटू लागलं की जमतंय. मग लक्षात आलं की ही मंडळी कादंबरी ऐकतच नव्हती. गुढीपाडव्याला जोशी वर्षफळ वाचतो तसं ती हे ऐकत होती. शंभर वर्षांनंतरचं सगळं वर ठरलं आहे, दत्तूच्या हाती ते लागलं आहे, आणि तो छापखान्यातला माणूस असल्याने थोडंफार फेरफार करून देऊ शकेल, असा सर्वांचा समज झाला होता.

"त्या साली पाऊस कसा आहे?" मागून कुणी विचारलं.

"पावसाचं यात नाही."

"मग भात?"

"जेवणच नाही. सगळे गोळी खातात."

मासळीची पाटी घेऊन चाळीत येणारी वरळीची शेवंती कोळीण पाटी शेजारी ठेवून बसली होती. ती सरळ झाली. "गोली कशाची रं?"

"सत्त्वाची."

"मासलीच्या का भाजीच्या?"

दत्तारामने याचा विचार केला नव्हता. "भाजीच्या."

"आनि समिंदर? आटला?"

"नाही, समुद्र आहे."

"समिंदर हाय, मासली हाय, नि खानारा नाय," शेवंती म्हणाली. "मंग ती मासली मरंल कशी? म्हातारी होऊन?"

चौकात हलकं हसू पसरलं. दत्तारामने घाईने गोळी सोडली आणि गिरणी धरली. शंभर वर्षांनंतरच्या परळच्या गिरणीत एकही माणूस नाही, कापड विणणारे साचे आपले आपण चालताहेत, कापडाच्या लाटा आपोआप बाहेर पडताहेत, हा त्याचा सर्वांत आवडता परिच्छेद होता.

गणपत अकरा वर्षं साच्यावर होता, म्हणजे विणकर. बोलायचा कमी. त्याने हात वर केला. "एक विचारू का, दत्तू? सूत तुटलं की कोण सांधतं?"

"सूत तुटत नाही."

"हां?"

"त्या काळात सूत तुटत नाही."

गणपतने शेजाऱ्याकडे पाहिलं. मग हसला. शेजारचा हसला. मग पहिल्या मजल्याच्या कठड्यापासून नळापर्यंत जेवढे साचेवाले होते ते सगळे हसले, आणि त्यांच्यामागून त्यांच्या बायका. पुढे आठवडाभर चाळीत कुणी काही अचाट बोललं की दुसरा म्हणे, "होय तर, सूत तुटत नाय."

हसणं ओसरल्यावर राधाबाईंनी उंबऱ्यातून विचारलं, "आणि ऐकून फळ काय? पोथी ऐकली की कुणाला मूल होतं, कुणाचा ताप जातो. याचं काय मिळतं?"

"करमणूक," दत्ताराम म्हणाला.

"ती गणपतने केली."

रात्री दत्ताराम जेवायला बसला. मंजुळाने भात वाढला. "तुमची ती इंदुमती," ती म्हणाली, "पहिल्यापासून शेवटपर्यंत गॅलरीत उभी आहे. शंभर वर्षांनी बाईला कामधंदा काही नसतो का?"

"ती नायिका आहे."

"नायिकेचे पाय नाय दुखत?" मंजुळा रोज पहाटे गिरणीच्या भोंग्याबरोबर धावत सुटे, तो वाजून थांबायच्या आत फाटकाच्या आत असावं लागे. "तिला काहीतरी द्या हातात. भोंग्याची दोरी द्या. तिने ओढली तरच गिरणी सुरू, नाहीतर नाय. मग बघा चौकात कोण हलतं का ते."

दत्ताराम घास तोंडाशी धरून थांबला. एक गोष्ट त्याच्या उशिरा लक्षात आली होती. चार विद्वानांनी मिळून त्याला एक प्रश्न विचारला होता, तोही वैद्यबुवांनी, धंद्यापुरता. चाळीने एका दुपारी एकतीस विचारले होते. त्याने ते मोजले होते, कारण तेव्हा दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. ज्या कल्पनेला एकतीस ठिकाणी भोकं आहेत ती कल्पना वाईट असेल. पण एकतीस भोकं पाडायला माणूस आधी तिच्याजवळ यावा लागतो.

पुढचा आठवडा तो ठाकुरद्वार ते परळ दीड तासात चालला. भायखळ्याला अभयकुमारला त्याने विमानरथात घालून काशीस रवाना केलं. तो परत आला नाही. चिंचपोकळीला सूत तुटलं. लालबागेत सूर्याजी आला. हा सूर्याजी म्हणजे एका साचेवाल्याचा पणतू, साऱ्या मुंबईत तुटलं सूत सांधता येणारा उरलेला एकमेव माणूस. आणि पोयबावडीला येईतो इंदुमती गॅलरीतून खाली उतरली होती, भोंग्याची दोरी हातात घेऊन.

दुसऱ्या रविवारी चौकात शेजारच्या चाळीचेही लोक होते. ते गोष्ट ऐकायला आले नव्हते. सूत तुटत नाही म्हणणारा माणूस कोण तो बघायला आले होते. दत्तारामने कुणाकडे न बघता सुरुवात केली.

वाळकेश्वरचे शेठ लोक गोळी खात, परळ मात्र बोंबीलच खात असे, हे पहिल्याच ओळीत आलं. शेवंतीने आजूबाजूला पाहिलं, जणू ते तिने स्वतःच लिहवून घेतलं होतं. मग शके एकोणीसशे सतराच्या एका सकाळी, माणूस नसलेल्या गिरणीत, एका साच्यावर एक सूत तुटलं. आता कुणी हसलं नाही. साचा अडला. त्याच्यामागचा अडला. दुपारपर्यंत मुंबईतले चाळीस हजार साचे उभे होते, आणि ज्यांनी ते बनवले त्या मोठमोठ्या इंजिनेरांना दोन बोटांत दोन टोकं धरता येत नव्हती.

"येणार कुठून," गणपत म्हणाला. शेजाऱ्याने त्याला गप्प केलं.

सूर्याजीला शोधत एक विमानरथ आला. सूर्याजी बोंबील भाजत होता. पुरते भाजून होईपर्यंत उठला नाही. गिरणीत येऊन त्याने टोकं उचलली आणि म्हणाला, भोंगा झाल्यावाचून मी कामाला हात लावत नाही, आमच्या घरात चार पिढ्या तशी रीत आहे. सगळ्यांनी वर पाहिलं. वर इंदुमती होती. तिने दोरीवर हात ठेवला. सूर्याजीच्या बोटांत तुटक्या सुताची दोन टोकं होती. इंजिनेर घामाघूम झाले होते. इंदुमती म्हणाली, "ओढते. पण आधी एका गोष्टीचं उत्तर द्या," आणि दत्तारामचा कागद संपला.

"मग?" राधाबाई म्हणाल्या. सुतक असूनही त्या उंबऱ्याच्या अलीकडे आल्या होत्या.

"पुढचं लिहायचंय."

"काय इचारते ती?"

"ते पुढच्या भागात."

चौकात असा गलका झाला की वरच्या मजल्यावरचं पाळण्यातलं पोर उठलं. कुणी म्हणे तिने विचारावं की तास किती. कुणी म्हणे, दंड कोण घेतो ते विचारावं.  मंजुळा मात्र उत्तर माहीत असल्यासारखी पदर खोचून बसली होती.

"लिही की मग," गणपत म्हणाला. "आम्ही बसलोय."

"आणि फळ काय, ते राहिलंच," राधाबाई म्हणाल्या.

"ऐकेल त्याला पुढचा भाग मिळेल, राधाबाई."

"आणि न ऐकेल त्याला?"

"त्याला तुम्ही सांगाल."

राधाबाईंना हे फळ पसंत पडलं. तेव्हा दत्तारामने मालकांची अट सांगितली: अभिप्राय हवा, सहीनिशी. एका सहीवर काम भागणार होतं. पण दत्ताराम सोडून सही करता येणारा एकही माणूस चौकात नव्हता. यावर कुणालाही अडचण वाटली नाही. खत, करारनामा असला की शेतकऱ्याने सहीऐवजी नांगर काढायचा आणि बाईने बांगडी, ही रीत आजोबापणजोबांपासून चालत आलेली. दत्तारामने वर लिहिलं, 'आम्ही ही कादंबरी ऐकली. पुढचा भाग कधी, असं विचारतो.' मग टाक फिरू लागला. दत्ताराम नाव लिही, शेजारी ज्याने त्याने निशाणी काढावी.

पहिले तिघे नांगर काढून मोकळे झाले. टाक गणपतकडे आला तसा तो थांबला.

"मी नांगर नाय काढत," तो म्हणाला. "अकरा वर्षं धरलेला नाय. गावचा नांगर भावाकडे आहे, निशाणीपण त्याचीच."

"मग काय काढतोस?"

गणपतने गुडघ्यावर कागद घेतला, जीभ दातात धरली आणि दोन्हीकडून निमुळती, होडीसारखी एक आकृती काढली. तिच्या एका अंगाला एक बारीक टिंब दिलं. तो धोटा होता, साच्यातून सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा. आजवर कुठल्याही कागदावर धोट्याची निशाणी कुणी पाहिली नव्हती. चौक वाकून पाहू लागला. ज्या तिघांनी नांगर काढले होते त्यांनी कागद परत मागितला. दत्ताराम खोडाखोड करू देईना, तेव्हा नांगराखालीच त्यांनी धोटे काढले. कताईखात्याच्या लोकांनी सूत कातायच्या चात्या काढल्या.

बायकांत बांगड्या सुरू झाल्या. शेवंती म्हणाली, "कोलणीला बांगडी कशाला, बांगडी तर बामनीन पन काढंल," आणि मासळी कापायचा कोयता काढला. मंजुळाने एक उभी रेघ ओढून तिच्या टोकाला गाठ मारली. विचारायची गरज नव्हती. ती भोंग्याची दोरी होती. राधाबाईंपुढे कागद आला तेव्हा सगळे दुसरीकडे पाहू लागले, कारण त्यांच्या हातात बांगडी नव्हती आणि ती काढायला कुणी सांगू शकत नव्हतं. राधाबाईंनी चौकोन काढला, त्यावर आडवी-उभी रेघ मारली. बांधलेली पोथी.

मोजलं तर एकसष्ट झाल्या.

दुसऱ्या दिवशी हेमचंद्ररावांनी तो कागद बराच वेळ पाहिला. मग दत्तारामकडे.

"हे वाचक?"

"होय साहेब."

"यांना वाचता येतं?"

"मला येतं. मी वाचतो, हे ऐकतात."

"म्हणजे एक अंक आणि एकसष्ट माणसं." हेमचंद्ररावांनी तपकिरीची डबी उघडली. "पालशेतकर, असे वाचक मिळाले तर मासिक अमर होईल आणि मी मरेन. दे इकडे हस्तलिखित. इतकं काय आहे त्यात ते तरी बघतो."

ते उभ्यानेच वाचू लागले. दत्तारामने पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. शेजारच्या खोलीत यंत्राचा दणदणाट चालला होता. पहिल्या पानावर मालकांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. दुसऱ्यावर त्यांनी खुर्ची ओढली. तिसऱ्या पानाला चिमूट नाकापर्यंत गेलीच नाही. ती त्यांच्या अंगरख्यावर सांडली आणि त्यांनी ती झटकली नाही. मग त्यांनी शेवटचा कागद उलटून मागची बाजू पाहिली. मामलेदारांनी पाहिली होती तशीच, पण कारण वेगळं होतं.

"काय विचारते ती?"

"कोण साहेब?"

"इंदुमती. दोरी धरून काय विचारते?"

"पुढच्या भागात आहे."

"मला सांगायला काय हरकत आहे? मालक आहे मी."

"अजून लिहिलं नाही."

"मग कधी लिहिणार तुम्ही? पुढचा भाग कधी?"

दत्तारामने एकसष्ट निशाण्यांचा कागद टेबलावर पुन्हा सरळ केला, दौत जवळ ओढली आणि टाक बुडवून मालकांपुढे धरला.

"साहेब, सही इथे. खाली जागा ठेवली आहे."

हेमचंद्रराव विजयकरांनी त्या कागदाकडे पाहिलं, टाकाकडे पाहिलं, आपण आत्ता काय बोललो ते आठवलं. ते न्यायी गृहस्थ होते. एका कोयत्याच्या आणि दोन धोट्यांच्या खाली त्यांनी आपलं पूर्ण नाव वळणदार अक्षरात लिहिलं. त्या कागदावर नुसतं नाव लिहून थांबलेला माणूस तेवढाच एक.

"हा कागद कादंबरीच्या आधी छापायचा," ते म्हणाले. "आहे तसा. त्या चौघांच्या अभिप्रायांचं काय करायचं?"

"तिघांचे ठेवून देऊ," दत्ताराम म्हणाला. "वकीलसाहेबांचा दरपत्रकावर छापावा. त्यांनी तेवढं वाचलंय."

सापत्न माता पुण्याला परत गेली. कार्तिकाच्या अंकासाठी मुकादमाने सवयीने हस्तलिखित मधोमध तोडलं आणि खालचा गठ्ठा रघूपुढे ठेवला. तासाभराने रघू दत्तारामच्या पेटीशी येऊन उभा राहिला. वीस वर्षांत तो असा कधी आला नव्हता.

"माझ्याकडे एकदम बोंबील भाजतायत," तो म्हणाला. "त्याच्या आधी काय झालं?"

"सूत तुटलं."

"कसं काय?"

दत्तारामने त्याला वरचा गठ्ठा वाचायला दिला. त्या दिवशी दोघांचंही काम मागे पडलं.

निशाण्यांचं काम दत्तारामने दुसऱ्या कुणाला दिलं नाही. बांगडीला शून्य चाललं, पोथी आणि दोरी पितळी रेघांच्या झाल्या. नांगर, कोयता, चाती आणि धोटा मात्र खिळ्यांत कुठून असणार? ते त्याने सागाच्या तुकड्यांवर चार संध्याकाळी बसून चाकूने कोरले.

अंक निघाला त्याच्या पुढच्या रविवारी चौकात उभं राहायला जागा नव्हती. राधाबाईंनी अंक आधी आपल्या हाती घेतला, पोथीशेजारी पाटावर ठेवला, तुळशीचं पान वाहिलं आणि मग दत्तारामला दिला. पण वाचन लगेच सुरू होईना. पहिलं पान हातोहात फिरत होतं. ज्याला त्याला आपली निशाणी शोधायची होती, आणि सापडत होती. "ही माजी," शेवंती म्हणाली, "पात्याला धार बरी काढलीय."

गणपतने आपला धोटा तिसऱ्या रांगेत शोधून काढला. छापील कागदावरचं काही तो स्वतःहून ओळखत होता, हे आयुष्यात पहिल्यांदाच. त्याने पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं.

"दत्तू, डोळा चुकलाय."

"कसला डोळा?"

"धोट्याचा. सूत निघतं ते भोक. ते या अंगाला पायजे, तू त्या अंगाला दिलंयस. अकरा वर्षं त्या भोकाला तोंड लावून सूत ओढतोय रे मी, मला नाय कळणार?"

दत्तारामने पाहिलं. गणपतचं खरं होतं. कोरलेलं छापताना उलटं उमटतं, म्हणून लाकडावर उलटं कोरायचं, हे छापखान्यातलं पहिल्या दिवसाचं ज्ञान. वीस वर्षं जगातलं सगळं उलटं वाचलेल्या माणसाने एवढं एक चित्र सुलटं कोरलं होतं.

"पुढच्या अंकात सुधारतो," तो म्हणाला.

"सुधार. आता वाच, काय इचारते ती."

कादंबरी पुढे अकरा अंक चालली. मार्गशीर्षाच्या अंकात शेवटच्या पानावर शुद्धिपत्र आहे. 'सुबोधकौमुदी'च्या इतिहासात वाचकाने काढलेली चूक छापल्याचं ते पहिलं उदाहरण, कारण त्याआधी कुणी तेवढं लक्ष देऊन पाहिलंच नव्हतं. ते असं आहे: 'गेल्या अंकात पृष्ठ एक, रांग तिसरी, येथील धोट्याचा डोळा डाव्या अंगास समजावा. ही चूक आमचे वाचक गणपत, राहणार परळ, यांनी दाखवून दिली. त्यांचे आम्ही आभारी आहोत.'